पाच पाटांचा नेम

मोरोपंत वकिलांच्या अमरावतीच्या घराला दिवाळीत चुना दिला होता. ज्येष्ठ उजाडला तरी भिंती स्वच्छ होत्या, एक जागा सोडून. जेवणघरात, माणिकबाईंच्या पाटाशेजारी, जमिनीपासून दीड हातावर पंजाएवढा तपकिरी डाग पडला होता. निरखून पाहिलं की त्यात चार बोटं आणि अंगठा ओळखू यायचा.

"सिंधू, इथं हात कोण पुसतं गं?" माणिकबाईंनी सुनेला विचारलं.

"कोणी नाही, सासूबाई," सिंधू म्हणाली आणि लगबगीनं चुलीकडे वळली.

उत्तर जरा लवकरच आलं, असं माणिकबाईंना वाटलं. कोडं सुटेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. घरात मुंग्या कुठून येतात हे शोधायला एकदा त्या दोन दुपारी भिंतीकडे बघत बसल्या होत्या आणि शेवटी मुंग्यांची वाट थेट मोरोपंतांच्या कोटाच्या खिशातल्या गुळाच्या खड्यापाशी निघाली होती. आताही त्यांनी आधी नवऱ्यावर संशय घेतला, मग मुलावर. दुपारी सामसूम झाली तेव्हा स्वतःचा पंजा डागावर ठेवून पाहिला. तो बरोब्बर बसला. लहानपणी जात्याखाली चेचलेली त्यांची करंगळी जिथं वाकडी होती, तिथं डागही वाकडा होता.

चोर सापडला, पण चोरी कधीपासून चालली होती हे चोरालाच ठाऊक नव्हतं. माणिकबाई पाटावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उठायला गेल्या. उठता आलं नाही. पुढं झुकून पाहिलं, पाय आत ओढून पाहिले. कमरेखालचं अंग हुकूम ऐकायचं विसरल्यासारखं बसून राहिलं. तिसऱ्या वेळी उजवा हात न विचारताच भिंतीकडे गेला आणि मग त्या उभ्या राहिल्या.

साल एकोणीसशे एकसष्ट. माणिकबाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या. आजार कसलाही नव्हता.

तीन वर्षांपूर्वी त्यांची पाळी गेली. त्या घरात त्याला 'सुटणं' म्हणत. सुटलेली बाई कायमची सोवळ्यातली. देवघर तिचं, सणावाराला शब्द तिचा, बाकी सगळं सुनेचं. अशा सासूनं पाण्याची घागर उचलली तर बोल सुनेला लागायचा. सिंधू मूर्तिजापूरची, कामाला चटपटीत. तिनं एकेक काम सासूच्या हातून काढून घेतलं. आधी विहिरीचं पाणी, मग धुणं, मग कांडण, शेवटी माळ्यावरचं काढणं-ठेवणं. जातं तर गल्लीत पिठाची गिरणी आली तेव्हाच कोपऱ्यात गेलं होतं. माणिकबाईंच्या वाट्याला फुलवाती आणि तांदूळ निवडणं उरलं. चहासुद्धा पाटापर्यंत यायचा.

"पूर्वी महिन्यातले तीन दिवस बाजूला बसत होते, आता तीसही दिवस," असं त्या शेजारणींना हसून सांगायच्या. त्यांची स्वतःची सासूही अशीच बसली होती. पुढं आठ वर्षं तिला बाजेवरून उचलून बसवावं लागलं आणि ते काम माणिकबाईंनीच केलं होतं. म्हातारपण असंच येतं, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते.

त्याच आठवड्यात अकोल्याहून विहीणबाईंचं पत्र आलं. माणिकबाईंची धाकटी लेक कुंदा तिकडे दिलेली. तिला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत. पण विहीणबाईंनी, रमाबाईंनी, लिहिलं होतं, 'अक्षय्य तृतीयेला कुंदा तिकडे आली असता आपल्याला जमिनीवरून उठावयास कष्ट पडतात असे तिने पाहिले. आपल्या प्रकृतीवर भार नको. बाळंतपण येथेच करावे असे मनात आहे. सातव्या महिन्यात डोहाळेजेवणास येईन तेव्हा समक्ष बोलू.'

"समंजस बाई आहे," मोरोपंत पत्राची घडी घालत म्हणाले.

"आणा ते इकडे," म्हणून माणिकबाईंनी पत्र काढून घेतलं.

मोठ्या लेकीची दोन्ही बाळंतपणं त्यांनी स्वतःच्या हातांनी केली होती. मोठी खणखणीत, मागून घेणारी. कुंदा मात्र सासरी तहान लागली तरी कोणी पाणी आणेपर्यंत गप्प बसणारी. ओली बाळंतीण असताना ती अकोल्याच्या त्या भरल्या घरात कोणाला काय सांगणार होती?

पण विहीणबाई खोटं लिहीत नव्हत्या, हेही खरंच होतं. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं म्हणजे जमिनीलगत बसायचं. तेलानं निसरडं झालेलं बाळ दोन्ही हातांनी धरायचं आणि उठायचं. भिंतीला लावायला तिसरा हात कुठून आणायचा?

गुरुवारी मनकर्णा गोवऱ्या घेऊन आली. बडनेऱ्याच्या वाटेवरच्या वस्तीतून ती डोक्यावर टोपलं घेऊन चालत यायची. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली त्या साली ती आठ वर्षांची होती आणि माणिकबाईही आठच वर्षांच्या, हे दोघींचं कधीच बोलून झालेलं. ती मागच्या अंगणात उकिडवी बसून बशीतून चहा पीत होती.

"मनकर्णा, उठ बरं जरा."

"आँ? आत्ता तं टेकली मी, बाई."

"उठ आणि पुन्हा बस."

बशीतला थेंब न सांडता मनकर्णा उठली आणि बसली.

"आणखी एकदा. हात कुठं लावलास?"

"हात कायले लागते? हातात तं बशी हाय." मनकर्णानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "काहून? काय पाहून राहिल्या तुमी?"

"तू नि मी एका वयाच्या. तुझी पाळी गेली की आहे?"

"गेली कवाचीच. पन मले कोनी 'बस' म्हनलंच नाई, बाई. दुसऱ्या दिवशीबी टोपलं तेच."

माणिकबाईंनी तिचं भरलेलं टोपलं उचलायला हात घातला. ते वीतभर हललं आणि परत खाली गेलं.

"असं एकदम नाई होत," मनकर्णा म्हणाली. "गोऱ्ह्याले कोनी पयल्याच दिवशी वखराले जुंपते का? आंधी रिकामं जू ठेवते खांद्यावर. त्याची सवय झाली का मंग ओझं."

रिकामं जू म्हणजे आपल्या बाबतीत काय, याचा माणिकबाईंनी दोन दिवस विचार केला. मग कोठीच्या खोलीत जाऊन त्यांनी पंगतीचे पाट काढले. एका पाटावरून हात न लावता उठता येत नव्हतं. दोनांवरूनही नाही. तीन, चार. पाच पाट एकावर एक रचले तेव्हा बसायची जागा जवळजवळ गुडघ्याएवढी उंच झाली, आणि तिथून त्या हात छातीशी बांधून उठल्या. सापडलं होतं. पाचांवरून सुरुवात करायची आणि एकेक पाट काढत खाली यायचं.

प्रश्न होता हे करायचं कुठं. सुटलेली सासू दिवसभर उठबशा काढते, हे गल्लीत पसरलं असतं तर आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता. पण बाईनं काही केलं आणि कोणी 'का' म्हणून विचारलं नाही, असं त्या घरात एकच होतं, ते म्हणजे नेम. आषाढी एकादशीला शेजारपाजारच्या बायका चातुर्मासाचे नेम सांगायला बसल्या. कोणी मीठ सोडलं, कोणी लाख वातींचं धरलं.

"माझा नेम बोलायचा नाही," माणिकबाई म्हणाल्या. "देवघराचं दार लावून करायचा."

दुसऱ्या दिवसापासून दाराआडून लाकूड दणकल्यासारखा आवाज येऊ लागला. शेजारच्या काकूंचं म्हणणं पडलं की आत चंदन कुटतात. मोरोपंत पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "देवांना उठवून दुसरीकडे बसवताय की काय?" सिंधूनं दाराला कान लावून पाहिला, तर आत नुसते आकडे.

नेम म्हटला म्हणजे तो नेमासारखाच व्हायला हवा. माणिकबाईंनी मोजायला तुळशीची माळ घेतली. माळ अर्धी ठेवता येत नाही, म्हणून रोज एकशे आठ वेळा उठायचं. नेमाबरोबर काहीतरी सोडायला हवं, म्हणून एकभुक्त धरलं. खाडा तर करायचाच नाही. पंधरा दिवसांत एक पाट निघाला. त्या दिवशी त्यांनी देवाला खडीसाखर ठेवली.

मग श्रावण लागला. सोमवार आले, शुक्रवार आले. डावा गुडघा सुजला. चार पाटांवरून उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, आणि काढलेला पाट त्यांना परत ठेवावा लागला. मेहनत वाढते आहे आणि ताकद कमी होते आहे, हे त्यांना कळत नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या सत्तराव्या मण्यावर घेरी येऊन नैवेद्याच्या ताटांवर पडल्या. ताटांच्या आवाजानं सिंधू दार ढकलून आत आली. समोर पाच पाटांची चवड, शेजारी जमिनीवर सासूबाई आणि त्यांच्या हातात माळ.

पाणी पाजून झाल्यावर तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तीही जमिनीवर बसली.

"म्हणजे माझंच चुकलं म्हणा ना. तीन वर्षं एक तांब्या उचलू दिला नाही मी तुम्हांला."

"तुझं नाही गं चुकलं. मलाही बसायला आवडत होतं."

सिंधूनं विखुरलेली ताटं गोळा करायला घेतली.

"भिंतीवरचा हात माझा आहे, हे तुला माहीत होतं ना?"

"होतं. दोनदा चुन्याचं बोट फिरवलं मी त्यावर. पुन्हा उमटतो." तिनं नाक पदरानं पुसलं. "उठताना बाळ माझ्या हातात दिलं असतं तर नसतं चाललं?"

"आणि तू त्या वेळी शेगडी फुंकत असलीस तर?"

"पण लोक काय म्हणतील? सुटलेल्या सासूला सुनेनं पुन्हा जुंपलं म्हणतील."

"म्हणून तर दार लावते."

दुसऱ्या दिवशी पोळा. मनकर्णा गोवऱ्या टाकून लवकर परतायच्या घाईत होती, तरी माणिकबाईंचा गुडघा पाहून थांबली. किती वेळा, कधी, काय खाऊन, हे तिनं एकेक विचारलं.

"एकशे आठ? कोनं सांगतलं एकशे आठ?"

"माळेत तेवढेच मणी असतात."

मनकर्णानं माळेकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "देवाचा हिशोब हाय थो. गुडघ्याचा नाई. बाई, आज आमच्या घरी बैल बसून हायेत. काल त्याइचे खांदे शेकले, आज पुरनपोयी देऊन राहिलो. बैलाले आराम हाय अन् पोटाले बी हाय. तुमी उपाशी पोटी रोज जुंपता सोताले?"

ती गेल्यावर माणिकबाई देवघरात जाऊन बसल्या. घेतलेला नेम मोडायची त्यांची तयारी नव्हती, आणि तसाच चालवला तर तो त्यांना मोडणार होता. बराच वेळ विचार करून त्यांनी देवापुढं सुपारी ठेवली आणि स्पष्ट सांगितलं की नेम चार महिनेच राहील, पण आकडा आजपासून गुडघ्याचा. एक दिवस उठबस, एक दिवस आराम. दहा वेळा उठायचं, थोडं थांबायचं, पुन्हा दहा, पुन्हा दहा. एकभुक्त सोडलं आणि त्याच्याऐवजी वांगं सोडलं.

"वांगं तुम्हांला तसंही आवडत नाही," सिंधू म्हणाली.

"देवाला ते माहीत आहे. तो काही बोलला नाही."

सकाळी दूध आणि भिजवलेले हरभरे, दुपारी घट्ट वरण, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. सूज आठ दिवसांत उतरली. भाद्रपदात चार पाट उरले, मग तीन. आता दाराआड सिंधूही असायची, मोजायला. एकदा मोजता मोजता तिनंच विचारलं, "पण बाळ काही हलकं नसणार. त्याचं काय?"

त्या वर्षी बाजारात किलोची वजनं आली होती आणि दुकानदारांचे जुने शेर कोपऱ्यात पडून होते. सिंधू नाक्यावरच्या खुशालरावांच्या धान्याच्या दुकानात गेली आणि एक शेर आणि अडीच शेरांची एक अडिशेरी घेऊन आली. लोणच्यावर दडपण ठेवायला हवीत, असं तिनं सांगितलं होतं.

"भादव्यात कोणतं लोणचं हो, बाई?" खुशालरावांनी विचारलं होतं.

"लिंबाचं," सिंधूनं ठोकून दिलं होतं, आणि घरी येताना लिंबंही घेतली होती, कोणी पाहिलंच तर असावीत म्हणून.

अडिशेरी आणि शेर जुन्या लुगड्यात गुंडाळून माणिकबाईंनी त्याचं गाठोडं केलं. वरून तेलाचा हात फिरवला, कारण बाळ निसरडं असतं.

"याचं बारसं कधी करायचं?" सिंधूनं विचारलं.

"आधी हे पडू देत नाही मी, एवढं बघ."

ते दोनदा पडलं. एकदा माणिकबाईंच्याच अंगठ्यावर.

आश्विनात दुसरा पाटही निघाला. पंगतीला प्रत्येकाला मिळतो तेवढा एकच पाट आता खाली होता आणि तिथंच गाडी अडली. रिकाम्या हातांनी त्यावरून उठता यायचं. गाठोडं घेऊन कधी यायचं, कधी नाही. कशामुळं येतं आणि कशामुळं नाही, हे शोधायला त्यांनी पाय जवळ घेऊन पाहिले, लांब ठेवून पाहिले. पाऊल पूर्ण टेकवून श्वास सोडत उठलं तर दहातून सात वेळा जमायचं. डोहाळेजेवण चार दिवसांवर आलं तेव्हा हिशोब तिथंच होता. दहात सात.

रमाबाई कुंदाला घेऊन अकोल्याहून आल्या. जमिनीवालं घर, दाराशी राबती माणसं, स्वतः भरल्या अंगाच्या आणि करारी. विहिणीचा मान म्हणून माणिकबाईंनी त्यांना पंगतीत आपली जागा दिली, भिंतीलगतची. स्वतः समोर बसल्या. कुंदाला हिरव्या साडीत मध्ये बसवलं. जेवणं झाली, बायकांचे उखाणे झाले, आणि रमाबाईंनी विषय काढला.

"मी परवा कुंदाला परत नेते म्हणते. उगीच तुमची ओढाताण नको, माणिकबाई. खरं सांगा, उठता येतं का तुम्हांला?"

कुंदा ताटातल्या मिठाकडे पाहत होती. तिनंच हे सासरी सांगितलं होतं, आणि ते सांगितल्याबद्दल ती आता मान वर करत नव्हती.

माणिकबाईंच्या पुढ्यात वाढायला आणलेलं भाताचं पितळी पातेलं होतं, निम्मं भरलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. पावलं टेकवली, श्वास सोडला. अर्ध्यावर आल्या आणि डावा गुडघा थरथरला. नेहमी भिंत शोधणारा उजवा हात पातेल्याच्या काठावर चळबळला, पण पातेलं सोडता येत नव्हतं आणि भिंत तर विहिणीकडे होती. दारातून सिंधूनं न राहवून "हं!" केलं. माणिकबाई उभ्या राहिल्या.

"भात घेणार का कोणी?" त्यांनी विचारलं. भात कोणालाच नको होता.

बायका हसल्या, उठल्या, हात धुवायला निघाल्या. रमाबाई बसूनच होत्या.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी येतेच."

माणिकबाईंनी कान टवकारले. हे वाक्य त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. तीन वर्षं त्यांनी नकळत तेच रोज म्हटलं होतं. त्यांनी कुंदाला पुढं घालून सगळ्यांना अंगणात पाठवलं आणि स्वतः परत आल्या. रमाबाईंचा हात भिंतीवर होता, थेट त्या डागावर, आणि तरीही त्यांना उठता येत नव्हतं.

माणिकबाईंनी दोन्ही हात पुढं केले. पावलं टेकवली आणि ओढलं. भाताच्या पातेल्याहून हे ओझं फारच मोठं होतं, पण ते आलं.

रमाबाईंनी पदर सारखा केला. "कोणी पाहिलं का?"

"मीच काय ती. किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. पाळी गेली आणि सुना म्हणाल्या, आता तुम्ही बसा." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पत्रात मी तुम्हांला लिहिलं ते... तुम्ही केलंत तरी काय?"

"तुमच्याकडे पाट किती आहेत?"

"पाट? पंगतीचे पन्नास असतील. का हो?"

माणिकबाईंनी त्यांना देवघरात नेलं आणि दार लावलं. बाहेर अंगणात कुंदाची ओटी भरायला बायका खोळंबल्या होत्या. आतून लाकडाचा आवाज ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता दोघी मिळून चंदन कुटताहेत."

कुंदा अमरावतीलाच राहिली. रमाबाई एकट्या परतल्या. जाताना त्यांनी पाचाचे चार कधी करायचे, हे दोनदा विचारून घेतलं.

पौषात कुंदाला मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यातल्या एका गुरुवारी सकाळी माणिकबाई न्हाणीत बसल्या होत्या, पायांवर नात, शेजारी कढत पाण्याची बादली. नातीनं सगळी गल्ली डोक्यावर घेतली होती. सिंधू खरंच शेगडी फुंकत होती. माणिकबाईंनी निसरडं बाळ दोन्ही हातांत घेतलं आणि उठल्या. दारात गोवऱ्यांचं टोपलं टेकवून मनकर्णा पाहत उभी होती.

"तुमच्या गाठोड्यापेक्षा भारी हाय का?" तिनं विचारलं.

"हलकी आहे. पण वळवळते फार."

"मंग आता टोपलं उचलून पाहता का?"

ती चेष्टा करत होती. माणिकबाईंनी नातीला पंच्यात गुंडाळून सिंधूच्या स्वाधीन केलं, ओले हात पुसले आणि टोपल्यापाशी आल्या. वाकल्या. टोपलं वीतभर हललं, मग गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. तिथून ते डोक्यावर कसं नेतात, हे मनकर्णाला अजून विचारायचं होतं.